रिकामा बीम आणि 600 मायक्रोस्ट्रेन



आपल्यातले बरेच जण इन्स्ट्रुमेंटेशनवाले, म्हणून हे लिहितोय. बाकीच्यांनी चहा घेत वाचलं तरी चालेल, गणित शाळेतलंच आहे.

मी शारजात, रोल्ल्यात राहतो. ज्या वडावरून या भागाला नाव मिळालं तो 1978 मध्ये पडला, पण सुट्टीच्या संध्याकाळी चौकात अजून पारावर जमावी तशी गर्दी जमते. आमच्या बिल्डिंगमध्ये काही रिगर मुलं राहतात. मागे एका यार्डात वजन उचलायच्या बीमची लोड टेस्ट होती, तेव्हा त्याच्या आसपास वावरणार होती ती हीच मुलं.

बीमवर 120 ओहमचे गेज चिकटवलेले. सॉफ्टवेअरमध्ये चॅनेल उघडायचा, क्वार्टर ब्रिज निवडायचा, पाकिटावर छापलेला गेज फॅक्टर (साधारण 2) टाकायचा, झीरो घ्यायचं. पाच मिनिटांचं काम. स्क्रीनवर सगळं हिरवंगार. पण सकाळी सातला झीरो केलेला चॅनेल नऊच्या सुमारास 600 मायक्रोस्ट्रेन दाखवायला लागला. पोलादात याचा अर्थ जवळजवळ 120 मेगापास्कल. आणि बीमवर तर कावळाही बसला नव्हता!

साइटवरचे साहेब म्हणाले, "अहो, परत झीरो मारा आणि सुरू करा. साडेबाराला काम थांबणार." उन्हाळ्यात 15 जून ते 15 सप्टेंबर उघड्यावरचं काम दुपारी 12.30 ते 3 बंद ठेवावं लागतं, त्यामुळे त्यांची घाई समजण्यासारखी होती. पण झीरो मारला की आकडा जातो, कारण तिथेच राहतं. टेस्ट चालू असताना ऊन वाढतच जाणार. मग वाढलेला आकडा वजनाचा की उन्हाचा, हे सांगणार कोण?

गेज पोलादाच्या प्रसरणाशी जुळवलेले होते, म्हणून संशय केबलवर गेला. टेक्निशियनने दोनच तारा जोडल्या होत्या. 20 मीटर बारीक तारेचा जाऊन-येऊन रोध 4 ओहम. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.39 टक्के वाढतो. केबल 10 अंशांनी तापली की 0.156 ओहम वाढले. ब्रिजला वाटतं गेजच ताणला गेला: 0.156 भागिले 124, भागिले 2, म्हणजे 630 मायक्रोस्ट्रेन. सगळा हिशेब जुळला.

तरी खात्रीसाठी गेजवरच 59.88 किलोओहमचा शंट लावला. तो उणे 1000 दाखवायला हवा. दाखवले उणे 968. म्हणजे केबल खरा स्ट्रेनही 3 टक्क्यांनी कमी दाखवत होती.

मी सही केली नाही. साहेब चिडले, दिवस गेला. संध्याकाळी प्रत्येक गेजला तिसरी तार सोल्डर केली, म्हणजे येणारी आणि जाणारी तार ब्रिजच्या शेजारशेजारच्या बाजूंत येतात आणि उन्हाचा परिणाम परस्पर कटतो. उरलेली घट शंटच्या आकड्यावरून सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त केली. दुसऱ्या दिवशी ऊन तेवढंच होतं, पण रिकामा बीम गप्प होता. मगच वजन उचललं.

तेव्हा मंडळी, कॉन्फिगरेशन हिरवं दिसलं तरी एकदा गेजपाशी जाऊन शंट लावा. आणि साइटवर तारा मोजा: दोन की तीन?