खाडीकाठची पाठशाळा

अलिबागहून दक्षिणेस निघाले की रेवदंड्यापाशी कुंडलिकेची खाडी आडवी येते. ओहोटीच्या वेळी पुलावरून पाहावे, तर चिखलातून तिवरांची श्वसनमुळे वर आलेली दिसतात. कांदळाचे बीज मातृवृक्षावरच अंकुरते आणि मगच खाली पडून रुजते. या मुळांच्या आश्रयाने मासे, कोळंबी, खेकडे यांची पिले वाढतात आणि त्याच मुळांमुळे लाटांचा जोर मोडतो. ‘जीवविचार’ शिकलेल्या मुलाला असंख्य जीवांची वसती प्रत्यक्ष दाखवावयाची असेल, तर याहून उत्तम स्थळ कोणते?

मुरूडच्या पुढे आगरदांड्याहून तरीने दिघीस उतरले, की दिवेआगर, श्रीवर्धनच्या वाड्या लागतात. श्रीवर्धनची रोठा सुपारी आपल्या व्यापारी घरांना पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ येथेच धडकले आणि नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर उत्पन्न हे व्याज आणि झाड हे मुद्दल. त्या दिवशी मुद्दलच गेले.

वादळ मनुष्याच्या हाती नाही, खाडीत भराव टाकणे मात्र आहे. कांदळवनाचा नाश हा नागरिकांच्या जीविताच्या मूलभूत हक्काचा भंग होय, असे मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले. आपल्या आगमांनी हे फार पूर्वी व्यापाऱ्यालाच उद्देशून सांगितले आहे. ‘उपासकदशांगा’त आनंद श्रावकाच्या प्रसंगी जी पंधरा कर्मादाने वर्ज्य ठरविली, त्यांत वन तोडण्याचा, वणवा लावण्याचा आणि सरोवरे, डोह, तळी आटविण्याचा धंदा येतो. आज जमिनीच्या व्यवहारात भागीदार होताना ही यादी आपल्यापैकी कितीजणांना आठवते?

ती आठवण करून देणारे आपले साधू-साध्वी होत. येथे एक मर्यादा ध्यानी घ्यावी लागते. महाव्रतधारी साधू खड्डे खणा, झाडे लावा असा आदेश देत नाहीत, कारण त्यातही आरंभ आहे. परंतु त्यागाचा नियम देणे हा त्यांचा अधिकारच आहे. ‘पाणथळ जागा बुजवून होणाऱ्या व्यवहारात मी पैसा घालणार नाही’ असे प्रत्याख्यान व्याख्यानात दिले गेले, तर त्याचे बळ सरकारी फलकाहून निश्चितच अधिक ठरेल. मात्र असा नियम देणाऱ्यास खाडी म्हणजे काय, हे ठाऊक असावयास हवे.

याचा पाया नवा नाही. आचार्य तुलसींनी 1949 मध्ये सुरू केलेल्या अणुव्रताच्या आचारसंहितेत पर्यावरणाविषयी जागरूकतेचा संकल्प आहे. 1990 मध्ये लक्ष्मीमल्ल सिंघवी यांनी निसर्गविषयक जैन घोषणापत्र लंडनमध्ये प्रिन्स फिलिप यांना सादर केले. आता हा विचार दीक्षार्थींच्या अभ्यासक्रमात आणि पाठशाळेच्या शिक्षकांच्या शिबिरांत यावा. ग्रंथांबरोबर एक दिवस खाडीकाठी, एक दिवस देवराईत, आणि परीक्षेत कर्मादानांवर आजच्या व्यवसायातील उदाहरणांसह एक प्रश्न, एवढ्याने आरंभ होऊ शकेल.

पावसाळ्यात जीवोत्पत्ती अधिक म्हणून विहार थांबविणारी आपली परंपरा आहे. येत्या चातुर्मासात प्रत्येक संघाने महाराजसाहेबांना ही विनंती करावी आणि पहिला नियम व्यापाऱ्यांनी स्वतः घ्यावा.