आठ दिवसांचं ऊन

दादाचा मेसेज आला तेव्हा मी चंद्रपूरच्या घराच्या गच्चीवर, पाठीवर ऊन घेत, लॅपटॉप उघडून बसलो होतो. नोव्हेंबर संपत आला होता. मेसेज असा : ‘जानेवारीत बाबांना घेऊन कॅनरी आयलंड्स. विंटर सन, गोल्फ, आठ दिवस. खर्च माझा. प्लॅन तू कर.’

दादा मँचेस्टरला असतो, नऊ वर्षं झाली. मी पुण्यातल्या एका कंपनीसाठी सॉफ्टवेअर लिहितो आणि वर्षातले निम्मे महिने घरूनच लिहितो. ज्या कामात रकाने आखावे लागतात ते काम आमच्या घरात आपोआप माझ्याकडे येतं. आजीच्या मोतीबिंदूपासून चुलतबहिणीच्या लग्नापर्यंत सगळ्याची एक्सेल माझ्याकडे आहे. मी नवी शीट उघडली, तिला ‘ऊन’ असं नाव दिलं, आणि मग मान वर करून एकदा खऱ्या उन्हाकडे बघितलं. थोडं हसू आलं.

‘विंटर सन’ हा इंग्लंडात एक अख्खा धंदा आहे. डिसेंबरात मँचेस्टरला चार वाजायच्या आत सूर्य मावळतो, आणि दिवसा तरी तो दिसेलच असं नाही. त्यामुळे लोक वर्षभर पैसे साठवून आठवडाभराचं ऊन विकत घेतात. आम्ही वाढलो ते उन्हापासून लपत. मे महिन्यात पारा ४७च्या आसपास, खिशात कांदा, डोक्याला दुपट्टा, बारा ते पाच रस्ते ओस. बाबांना दादाचा बेत सांगितला तर ते म्हणाले, “ऊन पाहाले विमानानं जायचं? मे महिन्यात त्यालेच इकडं बोलाव म्हणा. फुकट भेटते.”

तरी मी कामाला लागलो. कॅनरी बेटं स्पेनची, पण आहेत आफ्रिकेजवळ, मोरोक्कोच्या किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटरवर. सगळी ज्वालामुखीतून वर आलेली. अक्षांश २८, म्हणजे साधारण दिल्लीचा. जानेवारीत दिल्ली धुक्यात कुडकुडत असते आणि तिकडे दुपारी वीस-एकवीस अंश, कारण चहूकडे समुद्र आणि ईशान्येकडून वाहणारे व्यापारी वारे. पण हेच वारे उंच बेटांच्या उत्तर अंगाला ढग अडकवतात. टेनेरिफ बेटावरचा टेइडे पर्वत ३,७१५ मीटर उंच आहे, स्पेनमधलं सर्वांत उंच शिखर. त्याच्या उत्तरेला हिरवळ आणि ढग, दक्षिणेला कोरडं, झगझगीत ऊन. म्हणून उन्हाळू पाहुण्यांची हॉटेलं आणि गोल्फची बरीचशी मैदानं दक्षिणेकडे. विमानतळही दोन आहेत. उत्तरेकडचं स्वस्त हॉटेल बघून कुणी खूश झालं तर त्याचा आठवडा छत्रीखाली जायची भीती. शीटमध्ये मी हे लाल रंगात लिहिलं. अधूनमधून सहाराची धूळ घेऊन गरम वारा येतो, त्याला तिकडे ‘कलिमा’ म्हणतात. तो रकाना मी पुसून टाकला. चंद्रपूरच्या माणसाला धुळीची सूचना काय द्यायची.

गोल्फचं मात्र मला ओ की ठो कळत नव्हतं. शिकत गेलो. एका फेरीत १८ होल, चौघांचा गट, चारेक तास, आणि चालत खेळलं तर आठ ते दहा किलोमीटर. खेळ सुरू करायची वेळ, ‘टी टाइम’, आधीच घ्यावी लागते आणि आपल्याकडचा लग्नाचा हॉल जसा मुहूर्ताला मिळत नाही तशी जानेवारीत चांगली वेळ मिळत नाही. तोच त्यांचा मुहूर्त. चांगल्या मैदानावरची एक फेरी शंभर युरोच्या पुढे जाते. काठ्या विमानातून न्यायच्या तर त्यांचं वेगळं भाडं, तिथे घ्यायच्या तर रोजचं वेगळं. काही मैदानं हँडिकॅपचा दाखलाही मागतात, म्हणजे आपण किती वाईट खेळतो याचं अधिकृत प्रमाणपत्र. दादाचा हँडिकॅप २४. हा आकडा मोठा असणं चांगलं नसतं हे मला तीन दिवसांनी समजलं, तोपर्यंत मी त्याचं अभिनंदन करून बसलो होतो.

बाबा या सगळ्याला ‘विटी नसलेला विटीदांडू’ म्हणत. पण एक दिवस मी ग्रान कनारिया बेटाचं उपग्रहचित्र उघडून बसलो होतो आणि ते चहाचा कप घेऊन मागे येऊन उभे राहिले.

“हा गोल खड्डा कशाचा आहे गा?”

बाबा उघड्या कोळसा खाणीत सर्व्हेअर होते, जूनमध्ये निवृत्त झाले. आयुष्यभर त्यांनी खड्डे मोजले. किती माती काढली, किती कोळसा निघाला, कडा किती अंशात उभी आहे. तो खड्डा बांदामाचा होता. ज्वालामुखीचं विवर, सुमारे एक किलोमीटर रुंद आणि दोनशे मीटर खोल. त्याच्या काठाला लागून गोल्फचं मैदान आहे. ते चालवणारा क्लब तिथल्या इंग्रजांनी १८९१ साली काढला, स्पेनमधला सर्वांत जुना. तो आधी शहराजवळ होता, पुढे इकडे वर आला.

“केव्हाचं आहे हे?”

“दोनेक हजार वर्षांपूर्वीचं.”

“म्हणजे सातवाहनांच्या वेळचं! एवढं ताजं?”

वर्धा खोऱ्यात पश्चिमेकडे सरकत जावं तसा कोळशाच्या थरांवर काळा दगड येतो. दख्खनभर पसरलेल्या लाव्हाची ही पूर्वेकडची कड. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा तो दगड बाबांनी नोकरीभर ‘वरचा कचरा’ म्हणून हिशेबात धरला, कारण कोळसा त्याच्या खाली. काही वर्षांपूर्वी पलीकडे यवतमाळ जिल्ह्यात शिबल्याजवळ त्याच दगडाचे षट्कोनी खांब सापडल्याची बातमी आली तेव्हा मात्र ते मला स्कूटरवर बसवून बघायला घेऊन गेले होते. आता त्यांनी खुर्ची ओढली आणि मैदानाचे चढउतार बघायला लागले. कुठल्या बाजूला उतार, पाणी कुठे जात असेल, कुठली भिंत ढासळेल. अर्ध्या तासाने म्हणाले, “चालाले चांगलं आहे.” गोल्फबद्दल त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं बरं वाक्य.

मग त्यांनी अडचणीचा प्रश्न विचारला. “पाऊस नाही म्हणतो दक्षिणेकडं. मंग गवताले पाणी कोठून आणते ते लोक?”

बाबांचं गाव आरमोरीकडचं, धानाच्या पट्ट्यातलं. गावाच्या वरच्या अंगाला मालगुजारी तलाव आहे. पूर्व विदर्भात गोंड राजांच्या काळापासून लोकांनी, विशेषतः कोहळी समाजाने, असे तलाव बांधले. गावाची सगळी भांडणं आणि सगळी सोयरीक त्या पाण्यावर. हिरवं दिसलं की पाणी विचारायचं ही बाबांची सवय तिथली. मी शोधलं. मैदानांना मुख्यतः शुद्ध केलेलं सांडपाणी देतात, काही ठिकाणी समुद्राचं गोडं केलेलं पाणी. पण २०२४च्या मार्चमध्ये टेनेरिफमध्ये दुष्काळामुळे पाण्याची आणीबाणी जाहीर करावी लागली होती, आणि पुढच्याच महिन्यात बेटांवर हजारो लोक रस्त्यावर उतरले. पाहुणे नकोत असं त्यांचं म्हणणं नव्हतं. घरभाडं, पाणी, जमीन सगळंच पाहुण्यांच्या हिशेबाने चाललंय, याला काही मर्यादा हवी, असं होतं.

हे बाबांना सांगितलं तर ते नुसते “हं” म्हणाले. मला पुण्यातले सहकारी आठवले, दर हिवाळ्यात ताडोबाच्या जिप्सीचं बुकिंग मिळेल का विचारणारे. मी त्यांना मदत करतो. माझा एक शाळेतला मित्र तिथे गाइड आहे, त्याचं घर त्यावर चालतं. त्याच जंगलालगतच्या गावांत संध्याकाळी सहानंतर लोक वाघाच्या भीतीने घराबाहेर पडत नाहीत, हेही मला माहीत आहे. पाहुणा म्हणून जाताना दोन्ही गोष्टी डोक्यात ठेवून जाता येतं का, मला ठरवता आलं नाही. मी शीटमध्ये मैदानांपुढे ‘पाणी’ असा एक रकाना वाढवला आणि ज्यांची माहिती मिळाली नाही ती मैदानं काढून टाकली. दादाने विचारलं, हे काय? म्हटलं, बाबांची अट आहे. तो काही बोलला नाही.

खरी अट वेगळीच निघाली. तारखा ठरवायला बसलो तेव्हा बाबा म्हणाले, “जानेवारीत मी कसा येऊ? सिझन आहे.”

सिझन म्हणजे झाडीपट्टीतल्या नाटकांचा. धान कापून घरात आलं, भाऊबीज झाली, की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आणि रात्री नाटक. वडसा हे नाटक कंपन्यांचं ठाणं. हंगामात तिथल्या फलकांवर नावं बघत नुसतं फिरलं तरी तास जातो. नाटक रात्री दहाच्या पुढे सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. गाणी, लावणी, रडारड, तलवारी, दारुड्या नवरा आणि देवमाणूस सासरा, सगळं एकाच तिकिटात. थंडी आठ-दहा अंशांवर गेलेली, लोक चादरी-घोंगड्या गुंडाळून बसलेले. ज्या गावात नाटक त्या गावात प्रत्येक घरी पाहुणे, चुलीवर रात्रभर चहा. पुण्यात हे सांगितलं की लोकांना वाटतं मी जुन्या काळातलं सांगतोय. २०२३ साली परशुराम खुणे यांना याच रंगभूमीसाठी पद्मश्री मिळाली तेव्हा मी ती बातमी ऑफिसच्या ग्रुपवर टाकली होती. दोन अंगठे आले.

बाबांना नोकरीत असताना हंगाम कधी पुरा बघता आला नाही. रात्रपाळी, नाहीतर सकाळी सहाची हजेरी. एक-दोन नाटकं, तीही मध्यंतराला उठून. निवृत्तीनंतरचा हा पहिलाच हिवाळा. त्यांच्या खिशातल्या डायरीत गावांची आणि तारखांची यादी होती. माझ्या शीटपेक्षा ती नीट होती हे कबूल करतो. कुठल्या गावी कुणाकडे उतरायचं, सकाळी परतीची बस किती वाजता, आजीला कुठल्या नाटकाला नेता येईल. आजीला फक्त गावातलंच जमतं, ते १८ जानेवारीला.

मी दादाला फोन केला. जरा रागातच होतो. म्हटलं, तू नऊ वर्षांत तीनदा आलास, तिन्ही वेळा मे महिन्यात, आणि उकाड्याला शिव्या देत परत गेलास. आता बाबांचा हंगाम मोडून त्यांना कुठे खेळायला नेतोस? तुझ्या गोल्फसाठी?

तो बराच वेळ गप्प होता. तिकडे दुपारचे चार वाजले होते, त्याच्या मागची खिडकी काळी होती.

मग म्हणाला, गोल्फ आता तसंही बंदच आहे. इथलं मैदान पाण्याने भरलंय, नाहीतर दवाने गोठतं. अंधारात ऑफिसला जातो, अंधारात घरी येतो. मागच्या वर्षापासून घरी कुणी नसतं हे तुला माहीत आहे. डॉक्टरने गोळ्या दिल्यात, आणि सांगितलंय उजेडात चाला, रोज. शनिवारी त्या मैदानावर चार तास चालतो तेवढंच बरं वाटतं. तिथे चालताना फार बोलावं लागत नाही, पण शेजारी कुणीतरी असतं. बाबांबरोबर तसं चालायचं होतं. घरी आलो की सगळे भेटायला येतात, दादा केव्हा आला, किती पगार आहे, सूनबाई कुठे आहे. बाबांबरोबर दहा मिनिटं मिळत नाहीत.

मी विंटर सनच्या जाहिरातींतले वाक्प्रचार दोन आठवडे वाचत होतो आणि त्यातल्या ‘सन’चा अर्थ मला आता लागत होता. मी बाबांना सगळं सांगितलं नाही. गोळ्यांचं सांगितलं.

बाबा काही वेळ डायरी चाळत बसले. मग माझ्याकडून पेन घेतला. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातली पाच गावं खोडली, एकापुढे ‘पुढच्या साली’ असं लिहिलं. १८ तारखेला गोल केला. “त्याले म्हणा, आधी इकडं ये. अठराले नाटक आहे, आजी आहे. चार दिवस राह्यचं, कोणाले सांगाचं नाही. मंग मी त्याच्याबरोबर तिकडं येतो.” शेजारपाजारी न सांगता आमच्या गावात कुणी चार दिवस राहू शकेल असं त्यांना खरंच वाटत होतं की नाही, देव जाणे.

दादाने विमानाची तारीख बदलली. शेंगेन व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला मी बाबांना मुंबईला नेऊन आणलं. तीस हजार युरोंचा विमा काढला, त्यावर ते रात्रभर रुपयांत गुणाकार करत होते. बांदामाची एक फेरी घेतली, सकाळी दहाची. दक्षिणेकडच्या दोन घेतल्या. उरलेल्या दिवसांपुढे मी ‘चालणे’ एवढंच लिहिलं.

काल दादाने विचारलं, बाबांच्या बुटांचा नंबर किती? गोल्फचे बूट तिकडूनच आणतो. बाबांना नंबर आठवेना, त्यांचे खाणीतले बूट कंपनीचेच असायचे. मग त्यांनी गच्चीवर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर उजवा पाय ठेवला आणि वाकून पेन्सिलीने कडेकडेने आखणी केली. मग डावा. टाच ते अंगठा पट्टीने मोजून आकडा लिहिला, बाणांसकट. फोटो काढायच्या आधी त्यांनी मला थांबवलं आणि खाली कोपऱ्यात सवयीने लिहिलं : प्रमाण १:१.