नदीपलीकडची आडनावे

गोंदियाहून बालाघाटला जाताना वाटेत बाघ नदी लागते. पूल ओलांडला की महाराष्ट्र संपतो आणि पाट्यांवरची भाषा बदलते. आडनावे मात्र तीच राहतात. अलीकडच्या गावांतील बिसेन, पटले, टेंभरे, कटरे, राहांगडाले पलीकडच्या दुकानांवरही भेटतात. बालाघाटच्या बाजारात एका वृद्ध गृहस्थांना मी सहज विचारले, “आपण मराठी का?” ते हसून म्हणाले, “आम्ही पोवार. लेक गोंदियाला दिली, सून तिरोड्याची आणली. आता तुम्हीच ठरवा!”

पोवारांची छत्तीस कुळे सांगतात. वरील आडनावे त्यांतलीच. पूर्वज माळव्यातील धारहून निघाले, प्रथम रामटेकजवळ नगरधनला राहिले आणि पुढे वैनगंगेच्या खोऱ्यात पसरले, अशी त्यांची परंपरा आहे. रसेल व हिरालाल यांनी १९१६ साली ती ग्रंथात नोंदविली. नागपूरच्या संग्रहालयातील इ. स. ११०४-०५ चा शिलालेख परमार राजांचा या मुलखाशी आलेला संबंध दाखवितो. त्यावरून आजच्या कोणा घराण्याची वंशावळ सिद्ध होत नाही, हे खरे. परंतु ‘परमार’ या नावाचेच पुढे पँवार, पोवार, पवार झाले. धार-देवासचे मराठा पवार आपल्या वाचकांना परिचित आहेत. नाव एकाच मुळाचे, ज्ञाती मात्र निराळ्या.

या खोऱ्यात पोवारांचे नाव झाले ते तलवारीपेक्षा तळी, पाट आणि धानाच्या बांध्या यांमुळे.

१९५६ पर्यंत बालाघाट आणि भंडारा हे जिल्हे एकाच राज्यात होते व राजधानी नागपूर होती. गोंदिया तेव्हा भंडाऱ्यात मोडे. त्या वर्षी १ नोव्हेंबरला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. एकाच कुळातील मुले नदीच्या एका काठी मराठीत, दुसऱ्या काठी हिंदीत शिकू लागली. दोन्ही भाषांच्या शेजारात वाढलेली घरची पोवारी बोली शाळेबाहेरच राहिली.

निघताना त्या गृहस्थांनी नातवाला माझ्याशी पोवारीत बोलायला सांगितले. मुलगा लाजला आणि हिंदीत उत्तरला. आजोबा काही बोलले नाहीत. परप्रांतात राहणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांच्या घरी हेच घडत असेल! आडनाव शाळेच्या दाखल्यावर आपोआप चढते. बोली मात्र घरातच बोलावी लागते.