लांबी तीच, नाव निराळे

आम्ही कला शाखेचे पदवीधर, मातृभाषा कोकणी. पांढुर्ण्यास येऊन मराठी शिकवू लागलो, तरी आकड्यांशी आमचा स्नेह जमला नाही. एकदा गणिताचे सर रजेवर असताना आठवीचा वर्ग आमच्याकडे आला. हा मुलूख कापसाचा; म्हणून तीन सेंटिमीटर लांबीचा तंतू उदाहरणास घेतला आणि फळ्यावर लिहिले : ३ सेंटिमीटर = ३,००० मायक्रोमीटर.

मागल्या बाकावरून सौंसरकडील एक मुलगी उठली. "सर, एका मिलिमीटरचेच १,००० मायक्रोमीटर होतात. मग तीन सेंटिमीटरचे तीस हजार व्हायला हवेत ना?"

वर्ग स्तब्ध झाला. तिला दटावून खाली बसवावे, असा क्षणभर मोह झाला. पण मग विद्यार्थ्यांना खरे बोलण्यास कोणत्या तोंडाने सांगणार? आम्ही फळा पुसला. एक सेंटिमीटर म्हणजे १० मिलिमीटर, म्हणून १०,००० मायक्रोमीटर, तिनाचे ३०,०००. त्याच तंतूची जाडी मात्र सुमारे २० मायक्रोमीटर, म्हणजे २० भागिले १०,०००, अवघी ०.००२ सेंटिमीटर!

माप लहान झाले की संख्या मोठी होते. तंतू मात्र तसूभरही वाढत नाही. २०२३ साली छिंदवाड्यातून पांढुर्णा जिल्हा निराळा झाला. म्हणून सौंसरची वाट काही लांबली नाही. कोकणीतून मराठीत आलो, तरी आम्हीही तेच राहिलो. त्या दिवशी मात्र आम्ही किंचित बदललो, आणि ते त्या मुलीमुळे.