हवाई बेटांतील देवस्थानें आणि सरकार

१९८१ सालीं अमेरिकन सरकारच्या एका खात्यानें पॅसिफिक महासागरांतील काहोओलावे नांवाचें सबंध बेट ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहींत दाखल करून घेतलें. आणि त्याच सरकारचें नौदल त्याच बेटावर पुढें नऊ वर्षें बॉम्बचा मारा करीत राहिलें. एका हातानें गंध लावावें आणि दुसऱ्या हातानें थप्पड मारावी, असा हा प्रकार! सरकारी नोंद झाली म्हणजे स्थळ वांचलें, अशी जी समजूत सुशिक्षित समाजांत सर्वत्र आढळते, तिची परीक्षा पाहण्यास या बेटांइतकें चांगलें ठिकाण आमच्या पाहण्यांत दुसरें नाहीं. शिवाय हा विषय वाटतो तितका दूरचाहि नाहीं; त्यांत पुण्याचाहि थोडा संबंध आहे, तो पुढें यथावकाश येईलच.

हवाई हें आज अमेरिकेचें एक राज्य असलें तरी १८९३ पर्यंत तें स्वतंत्र होतें. त्या वर्षाच्या जानेवारींत तेथील गोऱ्या मळेवाल्यांनीं व व्यापाऱ्यांनीं, बंदरांतील अमेरिकन युद्धनौकेवरून उतरलेल्या शिपायांच्या आधारानें, राणी लिलिउओकालानी हिला पदच्युत केलें. १८९८ त बेटें अमेरिकेस जोडली गेलीं. बरोबर शंभर वर्षांनीं, १९९३ त, अमेरिकन काँग्रेसनें ठराव करून या कृत्याबद्दल क्षमा मागितली. राज्य मात्र परत केलें नाहीं.

या लोकांचा जुना धर्म 'कापू' या शब्दाभोंवतीं उभा होता. निषेध, पावित्र्य, विटाळ आणि मर्यादा हें सारें त्या एका शब्दांत येतें. आमच्या वाचकांस त्याचा अर्थ 'सोंवळें-ओंवळें' या जोडशब्दावरून जितक्या लवकर उमगेल तितका तो इंग्रज वाचकास उमगणार नाहीं. स्त्रीपुरुषांनीं एका पंक्तीस बसावयाचें नाहीं, हा त्यांतला मोठा नियम. कापू मोडणारास देहान्तशिक्षेची भीति असे. मात्र तो होनाउनाउ येथील आश्रयस्थानांत पोहोंचला तर त्यास अभय मिळे. तेथील प्रचंड दगडी भिंत अद्याप उभी असून ती जागा राष्ट्रीय उद्यान खात्याच्या ताब्यांत आहे. १८१९ सालीं तरुण राजा लिहोलिहो हा स्त्रियांच्या पंक्तीस जाऊन जेवला, आणि त्या एका जेवणानें सारी धर्मव्यवस्था कोसळली. मूर्ति जाळण्याचा व 'हेइआउ' म्हणजे मंदिरें मोडण्याचा हुकूम खुद्द राजाचा होता. ख्रिस्ती मिशनरी आले ते पुढच्या वर्षीं.

मग कोणी म्हणेल कीं, ज्यांनीं आपलीं देवळें आपणच मोडलीं त्यांना आतां त्या दगडांचा एवढा कळवळा कां? प्रश्न वरवर बिनतोड दिसतो. परंतु राजाज्ञेनें मोडतो तो राजधर्म. कुळाचार मोडत नाहीं. पूर्वजांचीं हाडें कोठें पुरलीं आहेत, मासे धरण्यापूर्वीं कोणत्या दगडापुढें पहिला वांटा ठेवावयाचा, डोंगर चढण्यापूर्वीं कोणता मंत्र म्हणावयाचा, हें घराघरांतून चालत राहिलें. ज्या घरांत देवघर आहे त्या घरांतील वाचकांस याविषयीं अधिक सांगण्याची गरज नाहीं.

काहोओलावे हें माऊई बेटाच्या नैर्ऋत्येस, सुमारें पंचेचाळीस चौरस मैलांचें एक कोरडें बेट. समुद्रदेव कानालोआ याचें तें क्षेत्र. मासेमाऱ्यांचीं पूजास्थानें, दगडी हत्यारांची खाण आणि जुन्या वस्त्यांच्या खुणा त्यावर पसरलेल्या आहेत. त्याच्या पश्चिम टोंकाच्या नांवाचा अर्थच 'ताहितीची वाट' असा आहे. ताऱ्यांच्या आधारें दक्षिणेकडे निघणाऱ्या नाविकांचें तें प्रस्थानस्थान. पुढें शेळ्यामेंढ्यांनीं व गुरांनीं तेथील गवत फस्त केलें आणि तांबडी माती वाऱ्यानें समुद्रांत जाऊं लागली. १९४१ च्या डिसेंबरांत पर्ल हार्बरवर हल्ला झाला, आणि लष्करानें सरावासाठीं बेट ताब्यांत घेतलें. युद्ध संपलें, बेट परत मिळालें नाहीं. १९५३ त अध्यक्ष आयसेनहॉवर यांनीं तें रीतसर नौदलास दिलें. त्या हुकुमांत एक कलम असें होतें कीं, गरज संपल्यावर नौदलानें स्वखर्चानें बेट मनुष्यवस्तीस योग्य असें करून परत द्यावें. हें कलम वाचकांनीं लक्षांत ठेवावें. १९६५ सालीं तर युद्धनौका धक्का कसा सोसतात हें पाहण्यासाठीं बेटाच्या कांठावर पांचशें पांचशें टन स्फोटक द्रव्याचे तीन प्रचंड स्फोट करण्यांत आले. त्यांनीं पडलेला खड्डा अद्याप तेथें आहे.

१९७६ च्या जानेवारींत मनाई मोडून नऊ माणसें बेटावर उतरलीं. त्यांत एमेट आलुली नांवाचे एक डॉक्टर होते. या चळवळीनें आपल्या संघटनेस 'ओहाना', म्हणजे कुटुंब, हें नांव दिलें, आणि 'अलोहा आइना', म्हणजे भूमीवरील प्रेम, हें ब्रीद घेतलें. त्याच वर्षीं नौदलाविरुद्ध फिर्याद दाखल झाली. १९७७ च्या मार्च महिन्यांत चळवळीचे पुढारी व गायक जॉर्ज हेल्म आणि त्यांचे सहकारी किमो मिचेल हे बेटावर राहिलेल्या सोबत्यांच्या शोधार्थ गेले असतां समुद्रांत नाहींसे झाले; ते पुन्हां कोणास दिसले नाहींत. न्यायालयानें नौदलास बेटावरील प्राचीन स्थळांची पाहणी करण्यास भाग पाडलें, तेव्हां कोठें पांचशेंहून अधिक स्थळें कागदावर आलीं, आणि मग १९८१ ची ती नोंद झाली. म्हणजे नोंदीमुळें लोक जागे झाले नाहींत. लोक अगोदर समुद्रांत उतरले, आणि नोंदवही त्यांच्या मागून आली.

नोंद होऊनहि बॉम्ब कां थांबले नाहींत? त्याचें कारण कायद्याच्या शब्दांतच आहे. १९६६ चा ऐतिहासिक रक्षणाचा कायदा सरकारी खात्यांना एवढेंच सांगतो कीं, आपल्या कामाचा नोंदलेल्या स्थळावर काय परिणाम होईल याचा विचार करा व इतरांस बोलण्याची संधि द्या. विचार करून मग स्थळ मोडूं नये, असें तो कोठेंहि म्हणत नाहीं! १९९२ च्या दुरुस्तीनें हवाईच्या मूळ लोकांच्या संस्थांशीं सल्लामसलत करणें आवश्यक झालें, ही एक पायरी वर. परंतु सल्ला ऐकणें आणि सल्ला मानणें यांतलें अंतर एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसास वेगळें समजावून सांगावयास नको.

खरें रक्षण आमच्या मतें १९८० च्या तडजोडीनें सुरू झालें. त्या वर्षीं न्यायालयापुढें नौदलानें ओहानाच्या लोकांस ठराविक दिवशीं बेटावर येऊं देण्याचें मान्य केलें. लोक आले, वाटा साफ केल्या, मोडलेलीं पूजास्थानें उभीं केलीं, आणि १९८२ पासून माकाहिकीचा उत्सव पुन्हां सुरू झाला. लोनो हा पाऊस व पीक देणारा देव. त्याचा हा सुमारें चार महिन्यांचा काल. त्यांत पूर्वीं युद्ध वर्ज्य असे. या कालाचा आरंभ सूर्यास्ताच्या वेळीं पूर्वेस कृत्तिका उगवूं लागल्या म्हणजे होतो, म्हणजे आपल्याकडे कार्तिकांत पौर्णिमेचा चंद्र ज्या तारकापुंजाजवळ असतो तोच तो पुंज. हजारों कोसांवरील दोन समाजांनीं एकाच नक्षत्रावरून आपला पवित्र काळ ओळखावा, याचा आम्हांस मोठा आनंद वाटला. त्यावरून कोणी प्राचीन संबंधाचे इमले रचूं नयेत, इतकेंच.

१९९० च्या ऑक्टोबरांत अध्यक्ष बुश (थोरले) यांनीं मारा बंद करविला. १९९३ त काँग्रेसनें सफाईसाठीं ४० कोटि डॉलर मंजूर केले आणि १९९४ च्या मे महिन्यांत बेट हवाई राज्यास मिळालें. आतां तें कलम आठवावें. २००४ सालीं नौदलानें काम आटोपलें, तेव्हां सुमारें तीन चतुर्थांश बेटाचा केवळ पृष्ठभाग साफ झाला होता. चार फूट खोलीपर्यंतची सफाई बेटाच्या जेमतेम दशांश भागांत झाली होती. आणि सुमारें चतुर्थांश बेटास हातच लागला नव्हता. मनुष्यवस्तीस योग्य असें तें अद्यापि नाहीं. न फुटलेल्या बॉम्बांच्या भीतीनें आजहि तेथें वाटाड्यावांचून पाऊल टाकतां येत नाहीं. राज्याच्या कायद्यानें बेटावर व्यापार कायमचा वर्ज्य केला आहे, आणि पुढें असेंहि लिहिलें आहे कीं, मूळ हवाई लोकांच्या सार्वभौम संस्थेस मान्यता मिळेल तेव्हां हें बेट तिच्या स्वाधीन करावें. तोंवर राज्य केवळ विश्वस्त. तशी मान्यता अद्याप कोणासच मिळालेली नाहीं.

हाडांची गोष्ट थोडक्यांत सांगतों. माऊईवरील होनोकाहुआ येथें एक मोठें विश्रामगृह बांधावयाचें म्हणून १९८७-८८ त वाळूच्या टेकड्यांतून हजाराच्या आसपास प्राचीन प्रेतावशेष उकरून काढले गेले. आपण अस्थि नदींत सोडून मोकळे होतों. त्यांच्या समजुतींत हाडांतच पूर्वजाची शक्ति वास करिते, आणि तीं जमिनींत राहिलीं तरच वंशाचें कल्याण. लोक खवळले, गव्हर्नर वाइहे यांनीं खोदकाम थांबविलें, इमारत आंतल्या बाजूस सरकविली गेली आणि हाडें पुन्हां त्याच वाळूंत निजविलीं. त्यांतून १९९० चा राज्याचा कायदा झाला व निरनिराळ्या बेटांसाठीं दफनमंडळें नेमण्यांत आलीं. यांतील मेख अशी कीं, दफनस्थान आधीं पाहणींत सांपडलें तर निर्णय मंडळाचा. काम चालू असतां 'अकस्मात्' सांपडलें तर सरकारी खात्याचा. पाहणी जितकी ढिली, तितकें अकस्मात् सांपडणें अधिक, हें कोणत्याहि मक्तेदारास शिकवावें लागत नाहीं.

आतां पुण्याचा संबंध. हवाईच्या मोठ्या बेटावर माउना केआ हा १३,८०३ फूट उंचीचा पर्वत आहे. त्याच्या शिखरावरील हवा इतकी कोरडी व स्थिर कीं, १९६८ सालीं शिखराचा पट्टा विद्यापीठास मिळाल्यापासून तेथें एकामागून एक तेरा वेधशाळा उभ्या राहिल्या. त्यांतील दोन २०२४ पर्यंत काढून टाकण्यांत आल्या. तेथेंच तीस मीटर व्यासाच्या आरशाची एक महादुर्बीण बांधण्याची योजना असून, भारत सरकारनें २०१४ सालीं तींत भाग घेण्यास मंजुरी दिली. भारताचा वाटा सुमारें दशांश, आणि भागीदार संस्थांत बंगलोर व नैनिताल यांच्या जोडीला पुण्याची 'आयुका' आहे.

परंतु त्या भाषेंत 'पिको' या एकाच शब्दाचा अर्थ नाभि, नाळ आणि शिखर असा तिहेरी आहे. शिखराजवळच्या वाइआउ सरोवरांत कित्येक घराणीं आपल्या नवजात मुलांची नाळ सोडीत आलीं आहेत. 'येथें माझी नाळ पुरली आहे' हें वाक्य आपण मराठींत अलंकारानें वापरतों. तेथें तें अक्षरशः खरें आहे. २०१५ च्या डिसेंबरांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें दुर्बिणीचा परवाना रद्द केला, कारण हरकती ऐकण्यापूर्वींच तो देऊन टाकला होता. फेरसुनावणी होऊन २०१८ त नवा परवाना कायम झाला. तरी २०१९ च्या जुलैंत वृद्ध स्त्रीपुरुष रस्त्यांत खुर्च्या टाकून बसले. तीसाहून अधिकांस अटक झाली, आणि बांधकाम सुरू झालें नाहीं.

या प्रश्नावरून आमच्या घरीं दोन पक्ष पडले आहेत. आमचा पुतण्या खगोलशास्त्राचा विद्यार्थी. त्याचें म्हणणें असें कीं, रीतसर सुनावणी झाली, न्यायालयानें कौल दिला, मूळ लोकांतहि दुर्बिणीस अनुकूल असे पुष्कळ आहेत, आणि ज्यांचे पूर्वज ताऱ्यांवरून महासागर ओलांडीत त्यांच्या डोंगरावरून तारे पाहण्यांत पाप तें काय? आमच्या मातोश्री म्हणतात, "अरे, तेरा झाल्या ना? त्यांतली एखादी बांधतांना तरी त्यांना कोणी विचारलें होतें का?" पुतण्यापाशीं याला उत्तर नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर आमच्यापाशींहि नाहीं. विज्ञानाचें मोल आम्ही कमी लेखीत नाहीं. हें आकाश न पाहिल्यानें मनुष्यजातीची हानि होईल, हेंहि आम्हांस कबूल आहे. परंतु भागीदारीचा दशांश आपण घेतला आहे, तेव्हां आपण या वादांत नुसते प्रेक्षक राहिलों नाहीं. आणि परवानगी ही न्यायालयाकडून मिळाली म्हणजे घरच्यांकडूनहि मिळाली, असें आम्हांस म्हणवत नाहीं. आपल्या शास्त्रज्ञांनीं त्या सरोवराकाठच्या घराण्यांशीं स्वतः जाऊन बोलावें, आणि नकार आल्यास तोहि ऐकण्याची तयारी ठेवून बोलावें, असें आमचें स्पष्ट मत आहे. पुतण्यास तें अद्याप पटलेलें नाहीं.

२०२२ सालीं राज्यानें कायदा करून पर्वताच्या व्यवस्थेसाठीं नवें मंडळ नेमलें, आणि विद्यापीठाकडील अधिकार टप्प्याटप्प्यानें त्याच्याकडे जावयाचे आहेत. त्या मंडळांत जुने आचार पाळणाऱ्या मूळ हवाई लोकांस आणि त्यांच्या वंशजांस जागा राखून ठेविल्या आहेत. १९६८ चा तो पासष्ट वर्षांचा पट्टा २०३३ सालीं संपतो.