दोन निबंधांचा जमाखर्च

मार्च महिना आला की आमच्यासारख्या साहित्याच्या अध्यापकांवर वार्षिक मूल्यमापनाचा अर्ज भरण्याची पाळी येते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली गुणांकनाची पद्धत आणली तेव्हापासून या अर्जांची भाषा अंगवळणी पडली आहे: निबंध किती, कोठे छापले, इतरांनी त्यांचे उल्लेख किती केले. यंदा उल्लेखांच्या रकान्यापाशी आम्ही अडलो होतो आणि त्याच टेबलावर आईच्या सीटी स्कॅनचा अहवाल पडला होता. उजव्या मूत्रपिंडावर गाठ, पुढे '८ एचयू'. डॉक्टर म्हणाले होते, "आत पाणी आहे, घाबरू नका." कशावरून, असे विचारताच त्यांनी त्या दोन अक्षरांवर पेनाचे टोक टेकवले होते.

एचयू म्हणजे हाउन्सफील्ड एकक. या मोजपट्टीवर पाणी शून्य आणि हवा उणे १०००. आईची गाठ पाण्याच्या शेजारीच होती, म्हणून आम्ही त्या रात्री झोपू शकलो. गॉडफ्रे हाउन्सफील्ड हे ईएमआय या, आपल्याला ध्वनिमुद्रिकांमुळे ठाऊक असलेल्या, ब्रिटिश कंपनीतील अभियंते. १ ऑक्टोबर १९७१ रोजी विम्बल्डनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात त्यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे छेदचित्र घेतले. आज त्यांच्या नावाची आद्याक्षरे जगभरच्या अहवालांत उमटतात, परंतु आईच्या अहवालातील उल्लेख कोणत्याही सूचीत जमा होणार नाही.

मात्र आम्हांला अधिक ओढ वाटते ती त्यांच्यासह १९७९ चे नोबेल मिळालेल्या अ‍ॅलन कॉरमॅक यांची. जन्म जोहान्सबर्गचा, पेशा भौतिकशास्त्राच्या अध्यापनाचा. १९५५ साली केपटाऊनच्या ग्रूट स्क्यूर रुग्णालयातील भौतिकतज्ज्ञाने नोकरी सोडली. किरणोत्सारी द्रव्यांवर अशा तज्ज्ञाची देखरेख असावी असा कायदा होता, म्हणून कॉरमॅक आठवड्यातून दीड दिवस तेथे जाऊ लागले. किरणोपचाराची मात्रा ठरवताना शरीर जणू आतून एकजिनसी आहे असे धरले जाते, हे त्यांनी पाहिले. हाड, स्नायू, फुप्फुस यांत किरण सारखेच कसे शोषले जातील? बाहेरून घेतलेल्या मोजमापांवरून आतला नकाशा काढता यावा, असा गणिती प्रश्न त्यांनी स्वतःला घातला.

पहिला प्रयोग लाकडी कड्यात बसवलेल्या अ‍ॅल्युमिनिअमच्या गोलाकृतीवर झाला. आकडे मध्याजवळ थोडे चुकत होते. चौकशीअंती कळले की कर्मशाळेत तिच्या मध्यभागी किंचित वेगळ्या धातूची खुंटी बसवली गेली होती. कोणी न सांगितलेली गोष्ट त्या पद्धतीने आत शोधून काढली होती! समीक्षकाला हेवा वाटावा असा हा प्रसंग आहे.

पुढे ते अमेरिकेत टफ्ट्स विद्यापीठात गेले आणि १९६३ व १९६४ साली 'जर्नल ऑफ अप्लाइड फिजिक्स'मध्ये या विषयावर त्यांचे दोन निबंध आले. प्रतिसाद जवळजवळ शून्य. प्रतींसाठी आलेल्या मागण्यांपैकी सर्वांत मजेशीर मागणी, नोबेल व्याख्यानात त्यांनीच सांगितल्याप्रमाणे, स्वित्झर्लंडमधील हिमस्खलन संशोधन केंद्राची होती. गंमत अशी की विज्ञानातील उल्लेखांची मोजदाद करणारी यूजीन गारफिल्ड यांची सूची नेमकी १९६४ सालीच बाजारात आली. २००५ साली जॉर्ज हिर्श यांनी सुचवलेला एच-निर्देशांक या दोन निबंधांना लावला, तर कितीही उल्लेख मिळोत, तो २ च्या वर जाऊच शकत नाही.

कॉरमॅक यांना अन्यायग्रस्त ठरवण्याचा मोह आम्ही टाळतो. ज्या गणिती प्रश्नाशी ते झुंजले, त्याचे उत्तर योहान राडोन यांनी १९१७ सालीच प्रसिद्ध केले होते. हे कॉरमॅक यांना बऱ्याच वर्षांनी समजले. म्हणजे दुर्लक्षित लेखकाकडूनही एका दुर्लक्षित लेखकाचा उल्लेख राहून गेलाच. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी याच्या उलट टोकाचा प्रकार नोंदवला आहे: विचार सर्वांच्या अंगात इतका मुरतो की त्याच्या जनकाचे नाव घेणे कोणाला सुचत नाही.

हे वाचताना आम्ही कपाटातील आमचा प्रबंध काढला. तो लिहिताना दोन वर्षे शंकर गणेश दाते यांच्या मराठी ग्रंथसूचीची पाने उलटली होती. १८०० ते १९३७ या काळातील कोणते पुस्तक कोणी, केव्हा छापले, हे आम्हांला तिनेच सांगितले. प्रबंधाच्या शेवटी सतरा पानांची संदर्भयादी आहे. तीत दाते नाहीत. परीक्षकांनाही ते खटकले नाही.

असो. अर्जातील रकान्यात आम्ही खरा आकडा लिहिला: ३. त्यांपैकी एक आमचाच.

गेल्या आठवड्यात एक विद्यार्थिनी प्रबंधिकेचा मसुदा घेऊन आली. संदर्भयादीत दाते घालण्यास सांगितले, तेव्हा ती गोंधळून म्हणाली, "पण सर, त्यातले एकही वाक्य मी घेतलेले नाही." आम्ही तिच्याकडून पेन मागून घेतले आणि 'द' कोठे येतो ते शोधू लागलो.