मोल, मीठ आणि साखर

मंडळी, बरेच दिवसांत इथे काही लिहिणे झाले नाही. कारण ऐकाल तर हसाल. मी सध्या केमिस्ट्री शिकते आहे! मराठी घेऊन बी.ए. झालेली, आयुष्यभर शाळेत व्याकरण आणि खालच्या वर्गांना गणित शिकवलेली बाई, वयाच्या पंचाहत्तरीत मोलची उदाहरणे सोडवते आहे.

झाले असे, की नात अकरावी सायन्सला गेली आणि पहिल्याच धड्यात अडकली. "आजी, मी कॉमर्सला जाते," इथपर्यंत मजल गेली. तिचे गणित चांगले आहे, म्हणून मला ते पटेना. म्हटले, आण बघू पुस्तक.

वाचले, आणि पहिला आनंद झाला तो शब्दाचा. मोल! आपल्याकडे मोल म्हणजे किंमत, आणि हा शब्द आला जर्मनमधून, रेणूच्या तिकडच्या नावावरून. दोघांचा काही संबंध नाही, पण लक्षात ठेवायला बरा. डझन म्हणजे बारा, तसा मोल म्हणजे ६०२ च्या पुढे एकवीस शून्ये, इतके कण. (२० मे २०१९ पासून हा आकडा नेमका ठरवून टाकला आहे, ६०२२१४०७६ वर पंधरा शून्ये. त्याआधी तो बारा ग्रॅम कार्बनवरून ठरायचा.) ॲव्होगाड्रो हे नाव या आकड्याला चिकटले, पण तो १८५६ मध्ये वारला तेव्हा त्याला स्वतःला हा आकडा माहीत नव्हता. गंमतच आहे.

एवढे कण मोजणार कोण? म्हणून वजन करायचे. पाण्याचा एक मोल अठरा ग्रॅम, म्हणजे जेमतेम साडेतीन चमचे. मिठाचा साडेअठ्ठावन्न ग्रॅम. ग्लुकोजचा एकशे ऐंशी. मोहरीचे आणि वालाचे शंभर-शंभर दाणे घेतले तर तराजू सारखा राहील का? नाही ना, तसेच हे. पुढचे सगळे आपले जुने त्रैराशिक. नातीला त्रैराशिक हा शब्दच ठाऊक नव्हता, पण रीत येत होती.

एक घटक आधी संपतो आणि दुसरा उरतो, त्याची उदाहरणे तिला फार छळत होती. तिला म्हटले, गणपतीत मोदकांचे सारण संपले की उकड उरते, तिचे आपण काय करतो? "निवगऱ्या!" मग मोदक किती झाले ते उकडीवरून मोजशील की सारणावरून? पुढची पाच उदाहरणे तिने मला न विचारता केली.

पण एके दिवशी तिने वही मिटली आणि विचारले, "आजी, याचा उपयोग काय? ग्रॅममध्येच का नाही बोलत ही माणसे?"

मला उत्तर येत नव्हते. चार दिवस तिच्याच कॉम्प्युटरवर शोधत बसले आणि ते सापडले ते अगदी नको तिथे.

१९५८ साली माझा धाकटा भाऊ हगवणीने गेला. दोन वर्षांचा होता, मी आठ. पाणी दिले की पुन्हा होते, म्हणून पाणी द्यायचे नाही, असा तेव्हा सर्रास समज. तो तांब्याकडे हात करायचा आणि मोठी माणसे तांब्या उचलून दुसरीकडे ठेवायची. दोन दिवसांत खेळ आटोपला. आई त्याबद्दल कधी बोलली नाही. मात्र पुढे आयुष्यभर तिने कुठल्याही आजारी माणसाला 'पाणी नको' म्हटले नाही.

१९६० मध्ये रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने मांडले, की आतड्याच्या अस्तरातून ग्लुकोज आत जाते ते सोडियमच्या जोडीने. ही जोडी आत गेली की मागोमाग पाणी जाते. पोट बिघडलेले असतानाही हा दरवाजा बहुधा उघडा असतो. म्हणून नुसते पाणी पुरत नाही, नुसते मीठही नाही. दोन्ही हवीत, आणि प्रमाणात. हे प्रमाण वजनाचे नाही, कणांचे!

पॅकेटवरचा मजकूर नातीपुढे ठेवला. एक लिटर पाण्याला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराईड १.५, सोडियम सायट्रेट २.९. वजने बघितली तर कशाचा कशाला मेळ नाही. म्हटले, आता मोल काढ. ग्लुकोज १३.५ भागिले १८०, म्हणजे ०.०७५. मिठातून सोडियम ०.०४४. सायट्रेटच्या एका रेणूत सोडियम तीन, त्यातून सुमारे ०.०३०. बेरीज जवळजवळ ०.०७५. ती आकड्यांकडे बघतच राहिली. "सारखे आले!" ग्रॅममध्ये जे दिसत नव्हते ते मोलमध्ये दिसले. हे सूत्र जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये ठरवलेले. आधी सोडियम ०.०९० असे.

१९७१ मध्ये बांगलादेशाच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला. सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असे पाणी पिंपांतून दिले. पाजायला नर्स नव्हत्या, घरची माणसेच पाजत. मृत्यूचे प्रमाण तीस टक्क्यांवरून चारच्या खाली आले. ते २०२२ मध्ये वारले, पद्मविभूषण मिळाले २०२३ मध्ये.

घरच्या पाण्याचेही आम्ही बघितले. एक लिटरला सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. आमच्या काट्यावर साखर पंचवीस ग्रॅम, मीठ तीन. साखरेच्या एका रेणूतून पोटात एक ग्लुकोज सुटते, म्हणून ०.०७३. सोडियम ०.०५१. पोटॅशियम नाही, तरी पॅकेट मिळेपर्यंत चालेल असे आहे.

एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. लिटरचे पॅकेट पेल्यात कालवून लेकराला पाजणारी माणसे मी पाहिली आहेत. "कडक दिले की लवकर बरे वाटते," म्हणे. २०० मिलिलिटरच्या पेल्यात तेच पॅकेट म्हणजे सगळे पाचपट. ०.३७५ मोल सोडियम, आणि आपल्या रक्तात असते ०.१४० च्या आसपास. मग पाणी शरीरात जायचे सोडून उलट बाहेर येते. २०० मिलिलिटरची छोटी पॅकेटे वेगळी मिळतात. मागे वाचून घ्या, आणि घरातल्या सुनांना, कामाच्या बायकांनाही सांगा.

नातीने कॉमर्सचे नाव पुन्हा काढलेले नाही. पुढचा धडा अणूच्या रचनेचा आहे. तिथे तुझ्या निवगऱ्या चालणार नाहीत, असे तिने मला आधीच बजावले आहे.